वाचकांचे प्रश्न : घोड्यावरचा तो माणूस कोण?

मागच्या अंकात दिग्दर्शक जॉन फोर्डच्या वेस्टर्न, म्हणजे काऊबॉय आणि घोड्यांच्या सिनेमांवर लिहिलं होतं, त्यावर बरेच मेसेज आणि पत्रं आली. मला वाटलं होतं सगळे त्यातला हिरो जॉन वेनबद्दल विचारतील, पण जास्त प्रश्न आलेत ते चरित्र अभिनेता बेन जॉन्सनबद्दल, मनापासून आनंद झाला. म्हणून यावेळचं सदर पूर्ण त्याचंच.

'शी वोअर अ यलो रिबन' बघितला. त्यातला सार्जंट टायरी जो घोडा दामटत पाठलागातून निसटतो तो खरंच तो नट आहे की डुप्लिकेट वापरलाय? (एक वाचक, कोल्हापूर)

तोच आहे, बेन जॉन्सन. आणि हा प्रश्न तुम्ही विचारलात ते फार बरं झालं कारण जॉन्सनची निम्मी गोष्ट याच उत्तरात येते. आधी एक सांगतो, 1988 च्या ऑलिम्पिकमध्ये उत्तेजक घेताना सापडलेला धावपटू बेन जॉन्सन वेगळा, नेटवर नाव टाकलं की पहिला तोच येतो. आपला बेन जॉन्सन 1918 सालचा, ओक्लाहोमातल्या फोरेकर गावचा, तो सगळा ओसेज काउंटीचा भाग म्हणजे लांबच लांब गवताची माळरानं आणि गुरांचे मोठमोठे रँच. वडिलांचं नावही बेन जॉन्सनच, ते रँचवर काम करायचे आणि रोडिओतले, म्हणजे काऊबॉयांच्या घोडे-गुरांच्या स्पर्धांतले, नावाजलेले चॅम्पियन होते, त्यामुळे धावत्या घोड्यावरून गुराला दोराचा फास टाकणं हे पोराने घरातच बघितलेलं, शाळेच्या आधीचं शिक्षण ते.

1940 च्या सुमारास हॉवर्ड ह्यूज, तो विमानांवाला अब्जाधीश, 'द आउटलॉ' नावाचा सिनेमा काढत होता. त्याला घोडे हवे होते, ते त्याने ओक्लाहोमातून घेतले आणि मग ते आधी ॲरिझोनात शूटिंगच्या जागी आणि पुढे हॉलिवूडला नीट पोचवायला कुणीतरी घोड्यांतला माणूस हवा म्हणून जॉन्सनला कामावर ठेवलं. रँचवर त्याला दिवसाला एक डॉलर मिळायचा आणि हॉलिवूडचा पहिला चेक आला 300 डॉलरचा. तो नंतर सांगायचा की त्यानंतर मला कुणी दंडुका घेऊन हाकललं असतं तरी मी ओक्लाहोमाला परत गेलो नसतो.

मग तो तिथेच राहिला. घोडे सांभाळायचे, सेटवर न्यायचे, स्टंट करायचे. 1941 मध्ये लग्न झालं ते कॅरल जोन्सशी, तिचे वडील फॅट जोन्स म्हणजे सिनेमावाल्यांना घोडे आणि गाड्या भाड्याने पुरवणारे बडे तबेलेवाले, आणि तुम्ही बघितलेल्या सिनेमात जॉन्सन ज्या घोड्यावर आहे ना, स्टील नावाचा, तो याच सासऱ्यांच्या तबेल्यातला. हे लग्न 1994 मध्ये कॅरल वारली तोवर टिकलं, हॉलिवूडमध्ये हे फार कमी दिसतं म्हणून सांगितलं.

आता डुप्लिकेटचा मुद्दा. जॉन्सन स्वतःच डुप्लिकेट होता! जॉन वेन, गॅरी कूपर, जेम्स स्टुअर्ट अशा मोठमोठ्या हिरोंच्या जागी घोडा पळवायचा तो. 1948 मध्ये आलेल्या 'फोर्ट अपाची'च्या शूटिंगला तो हेन्री फोंडाचा डुप्लिकेट होता, आणि तिथे एक गाडी जुंपलेले घोडे बिथरून उधळले, गाडीत तिघेजण, कुणालाच काही सुचेना, हा घोडा घेऊन गेला आणि गाडी थांबवली. फोर्डने सांगितलं याचं बक्षीस मिळेल तुला. जॉन्सनला वाटलं अजून एखादं डुप्लिकेटचं काम देतील नाहीतर फार तर एखादा छोटा रोल. हातात पडलं सात वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. तो सांगायचा की पाचव्या ओळीत आठवड्याला 5000 डॉलर असं दिसलं, तिथेच वाचणं थांबवलं, पेन घेतलं आणि सही केली.

तुम्ही तो पाठलाग परत लावा आणि यावेळी घोड्याकडे नाही, त्याच्याकडे बघा. लगाम एका हातात आणि सैल, ओढाताण नाही. घोडा चौखूर सुटलाय पण खांदे जवळजवळ स्थिर, कंबरेखालचं शरीर घोड्याबरोबर चालतं आणि कंबरेवरचं जागच्या जागी. पक्की मांड म्हणतात ती हीच. दुसऱ्या कुठल्याही स्टारचा घोड्यावरचा लाँग शॉट घ्या, बऱ्याचदा एकतर चेहरा लपवलेला असतो नाहीतर माणूस खोगिरावर आपटत असतो. जॉन्सनचा चेहरा कॅमेऱ्याला दाखवता यायचा आणि घोडाही त्याच शॉटमध्ये पळवता यायचा, कट मारायची गरजच नाही, फोर्डसारख्या दिग्दर्शकाला हे केवढं मोठं घबाड वाटलं असेल विचार करा.

दिसायला देखणा, उंचापुरा, घोड्यावर असा बसणारा, मग हा हिरो का नाही झाला? सगळीकडे साइड रोलच. नशीब नव्हतं का? (एक वाचक, अमरावती)

नशिबावर ढकलू नका, ते मला पटत नाही. हिरो झाला होता की! 1949 च्या 'मायटी जो यंग'मध्ये तो हिरो आहे, राक्षसी गोरिलाचा सिनेमा, त्यात घोड्यावरचे काऊबॉय गोरिलाला फास टाकायला जातात तो सीन बघाच. आणि 1950 च्या 'वॅगन मास्टर'मध्येही मुख्य रोल त्याचाच. तो सिनेमा फोर्डच्या स्वतःच्या फार आवडीचा होता पण त्यात जॉन वेन नव्हता, मोठं नाव नव्हतं, तिकीटबारीवर चालला नाही.

दुसरं कारण फोर्डशी बिनसलं ते. त्याच वर्षी 'रिओ ग्रांदे'चं शूटिंग चालू होतं, रात्री जेवायला सगळे एका टेबलावर, आणि जॉन्सन शेजारच्याला सहज म्हणाला की आज गोळ्या खूप झाडल्या पण पडले फार थोडे. फोर्डच्या कानावर गेलं, त्याला वाटलं माझ्या कामाला नावं ठेवतोय, सगळ्यांसमोर वाटेल ते बोलला. जॉन्सन उठला आणि निघून गेला. सिनेमा पूर्ण केला त्याने, पण त्यानंतर फोर्डने त्याला बोलावलं ते थेट 1964 च्या 'शायेन ऑटम'ला. मधली चौदा वर्षं, म्हणजे ऐन उमेदीची, फोर्डच्या सिनेमाशिवाय. हे हॅरी केरी ज्युनियरने लिहून ठेवलंय, तो जॉन्सनचा जवळचा मित्र आणि त्या शूटिंगला हजर होता. फोर्ड दिग्दर्शक म्हणून कितीही थोर असला तरी सेटवर लोकांना टोचून बोलायची त्याची सवय वाईटच होती आणि मी तिला 'कलावंताचा लहरीपणा' वगैरे म्हणणार नाही. जॉन्सनने तिथे उठून जायचं ठरवलं त्याबद्दल मला त्याचा आदरच वाटतो.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, त्याला स्वतःला हिरो व्हायची घाई कधी नव्हतीच. गावातला प्रत्येकजण माझ्यापेक्षा चांगला नट आहे पण बेन जॉन्सन माझ्याइतका चांगला कुणालाच करता येणार नाही, हे त्याचं नेहमीचं वाक्य. हे नम्रपणाचं बोलणं नाही, हा त्याचा कामाचा हिशोब होता. चरित्र अभिनेत्याचं काम काय असतं, हिरो ज्या जगात वावरतो ते जग खरं आहे असं आपल्याला वाटायला लावणं. 'शेन' (1953) घ्या. ॲलन लॅड हिरो, आणि जॉन्सन म्हणजे क्रिस कॅलवे, रँचवाल्याचा गुंड, सलूनमध्ये हिरोच्या अंगावर दारू टाकणारा, पुढे त्याच्याच हातून मार खाणारा. पण मग शेवटाकडे एका रात्री तो गुपचूप येतो आणि शेनला सावध करतो की तुझ्याविरुद्ध डाव रचलाय, आणि मी ते काम सोडतोय. एवढंच. का बदलला, कसा बदलला, काही भाषण नाही, लांबलचक संवाद नाही, आणि तरी पटतं, कारण मार खाल्ल्यावर त्या माणसाच्या डोक्यात काहीतरी चाललंय हे आधीपासून त्याच्या चेहऱ्यावर असतं. हिरोला सिनेमाभर वेळ मिळतो बदलायला, याला तीन-चार सीन.

त्याने करिअर ऐन भरात असताना सिनेमा सोडून रोडिओ केला असं वाचलं. खरंय का? (एक वाचक, नाशिक)

खरंय, सोडला नाही, एक वर्ष सुट्टी घेतली. 1953 सालची गोष्ट. त्याला बघायचं होतं की आपण वडिलांसारखे खरे चॅम्पियन होऊ शकतो का. टीम रोपिंग हा त्याचा प्रकार, म्हणजे दोन घोडेस्वार आणि एक पळणारा गोऱ्हा, एकाने शिंगांवर फास टाकायचा आणि दुसऱ्याने मागच्या पायांत, आणि सगळं काही सेकंदांत. त्या वर्षीचा जागतिक चॅम्पियन तो झाला! पण प्रवास, घोड्याचा खर्च, एंट्री फी असं सगळं जाऊन हातात काहीच उरलं नाही, घरी आला तेव्हा खिशात तीन डॉलरही नव्हते, उरली होती एक खटारा गाडी आणि चिडलेली बायको असं तो सांगायचा. परत सिनेमात गेला. रोडिओची जागतिक चॅम्पियनशिप आणि ऑस्कर दोन्ही जिंकणारा दुसरा माणूस आजवर झालेला नाही.

मी कॉलेजात एकांकिका करते. जेमतेम दहा मिनिटांच्या रोलला ऑस्कर मिळालं हे ऐकून आश्चर्य वाटलं. एवढ्या कमी वेळात काय केलं त्याने? (एक विद्यार्थिनी, पुणे)

सिनेमा 'द लास्ट पिक्चर शो', 1971, दिग्दर्शक पीटर बोगदानोविच. टेक्सासमधलं एक मरत चाललेलं छोटं गाव, जॉन्सनचं नाव सॅम द लायन, गावातलं सिनेमा थिएटर, पूल हॉल आणि छोटं हॉटेल तिन्ही त्याचं. हो, जेमतेम दहा मिनिटंच तो पडद्यावर आहे, आणि अर्ध्या सिनेमात त्याचं पात्र मरतं, तेही पडद्यावर दिसत नाही, गावात बातमी कळते फक्त.

आधी तर त्याने नकारच दिला होता. दोन कारणं, एक म्हणजे बोलायचं फार आहे आणि दुसरं म्हणजे शिव्या फार आहेत. त्याला तोवर सवय होती चार वाक्यं आणि घोड्यावर बसायचं याची. बोगदानोविचने शेवटी जॉन फोर्डला फोन केला, आणि ज्या फोर्डने त्याला चौदा वर्षं दूर ठेवलं होतं त्यानेच त्याला समजावलं, आयुष्यभर जॉन वेनचा साथीदारच राहायचंय का असं विचारलं म्हणे. मग जॉन्सन तयार झाला पण आपल्या तोंडचे घाण शब्द काढून टाकायच्या अटीवर.

आता तू करतेस ते नाटक आहे म्हणून तुला तो तळ्याचा सीन नीट सांगतो, मग जाऊन बघ. सॅम दोन पोरांना घेऊन गावाबाहेरच्या तळ्यावर आलाय, मासे पकडायला, पण तळ्यात मासे फारसे नाहीतच हे त्यालाही माहितीये. सिगारेट वळतो. आणि बोलायला लागतो, वीसेक वर्षांपूर्वी एक बाई इथे माझ्याबरोबर यायची, तिचं लग्न झालेलं होतं, एकदा तिने पैज लावली की घोड्यावर बसून तळं पार करू, चांदीच्या एका डॉलरची पैज, आणि ती जिंकली. कॅमेरा हळूहळू जवळ येतो. लक्षात ठेव, तो बोलताना त्या पोरांकडे फारसा बघत नाही, तो पाण्याकडे बघतो. आवाज चढत नाही, गळा दाटून येत नाही, हात तर जवळजवळ हलतच नाहीत. आठवण सांगताना माणूस रडतो हे नाटकवाल्यांनी ठरवलेलं आहे, खऱ्या आयुष्यात म्हातारी माणसं जुनं सुख सांगताना बऱ्याचदा हसतात, आणि सॅम तसंच हसतो. रडू आपल्याला येतं.

हे त्याला कुठून आलं असं विचारशील तर मला वाटतं घोड्यांकडून आलं. बिथरलेल्या जनावराजवळ जाताना आरडाओरडा करून, हातवारे करून चालत नाही, तुम्ही जितके शांत तितकं ते शांत, हे लहानपणापासून शिकलेला माणूस कॅमेऱ्यासमोरही जास्तीची एक हालचाल करत नाही. त्याने कुठल्या ॲक्टिंग स्कूलचं नाव कधी घेतलं नाही पण तीस वर्षं सेटवर उभं राहून मोठमोठ्या नटांना जवळून बघणं हे काही कमी शिक्षण नाही. तुला जर माझं ऐकायचं असेल तर पुढच्या तालमीत एक भाषण असं करून बघ, हात खिशात, आणि समोरच्याकडे फक्त एकदाच बघायचं, कधी ते तू ठरव.

एप्रिल 1972 मध्ये ऑस्कर मिळालं, सहाय्यक अभिनेत्याचं. त्याच सिनेमासाठी त्याच गटात जेफ ब्रिजेसलाही नामांकन होतं. स्टेजवर जाऊन जॉन्सन म्हणाला की हे माझ्याहून चांगल्या माणसाच्या वाट्याला येऊच शकलं नसतं, हॉल हसला, आणि त्याला ओळखणारे सगळे म्हणाले की खरंच आहे. तेव्हा त्याचं वय 53.

या सिनेमांत मूळ रहिवाशांना सरळ शत्रू म्हणून दाखवलंय, गोळी घातली की पडले. त्याचं कौतुक का करायचं? (एक वाचक, गडचिरोली)

तुमचा राग बरोबर आहे आणि मी तो खोडायला बसलेलो नाही. जॉन्सन ज्या ओसेज काउंटीत वाढला ती ओसेज लोकांची भूमी, आणि 1920 च्या दशकात तिथे तेलाच्या पैशासाठी ओसेज माणसांचे खून पडत होते, त्याच्या लहानपणी, त्याच्या आसपास. या वेस्टर्न सिनेमांनी ती गोष्ट दाखवली नाही, दाखवले घोड्यावरून पडणारे अनामिक स्वार, आणि ते पडणारे कित्येकदा खरेच नावाहो जमातीचे मूळ रहिवासी असायचे जे मॉन्युमेंट व्हॅलीत फोर्डसाठी रोजंदारीवर काम करायचे. हे सिनेमे बघताना हे माहीत असायलाच हवं. त्यातल्या त्यात 'वॅगन मास्टर' वेगळा आहे, त्यात गाड्यांचा तांडा आणि नावाहो यांची गाठ पडते तेव्हा सगळे मिळून शेकोटीभोवती नाच करतात, लढाई होत नाही, आणि त्या नावाहोंमध्ये जिम थॉर्प दिसतो, 1912 च्या ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता, तोही ओक्लाहोमाचा. मी जॉन्सनच्या कामाचं कौतुक करतो, त्या सिनेमांनी सांगितलेल्या इतिहासाचं नाही.

जॉन्सनसारखे अजून कोण आहेत? आणि सुरुवात कुठून करू? (एक वाचक, ठाणे)

वॉल्टर ब्रेनन, सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर तीनदा, 1936, 1938 आणि 1940 च्या कामांसाठी, 'रिओ ब्राव्हो'मधला लंगडा कटकट्या म्हातारा तोच. आणि वुडी स्ट्रोड, याच्यावर खरंतर वेगळं सदर लिहायला हवं, 1946 मध्ये लॉस एंजेलिस रॅम्स संघातून केनी वॉशिंग्टनबरोबर अमेरिकन फुटबॉलमधली वर्णबंदी मोडणारा कृष्णवर्णीय खेळाडू, 'सार्जंट रटलेज' (1960) मध्ये मुख्य रोल. सर्जिओ लिओनीच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'च्या सुरुवातीला स्टेशनवर वाट बघत उभा असलेला, टोपीवर वरून पाण्याचे थेंब पडतायत आणि हललाच नाही असा जो माणूस आहे तो स्ट्रोड. त्याच सीनमध्ये तोंडावरच्या माशीने वैतागलेला जॅक एलम.

जॉन्सनसाठी माझा क्रम असा. पहिला 'वॅगन मास्टर', मग 'यलो रिबन', मग 'रिओ ग्रांदे' निदान त्या एका सीनसाठी, दोन घोड्यांवर एकेक पाय ठेवून उभ्याने दौडायचं, ते जॉन्सन आणि हॅरी केरी ज्युनियरने स्वतः केलंय, तीन आठवडे सराव करून. मग 'शेन'. मग सॅम पेकिन्पाचा 'द वाइल्ड बंच' (1969), त्यात तो आणि वॉरन ओट्स असे दोन भाऊ आहेत, उद्दाम, बायका-दारूत बुडालेले, सार्जंट टायरीचा सज्जनपणा कुठेच नाही, आणि शेवटी मरायला निघताना एका 'का नाही?'पलीकडे काही न बोलता बंदूक उचलून हिरोच्या शेजारी चालायला लागतात. त्यात हिंसा बरीच आहे, लहान मुलांबरोबर बसू नका. 'लास्ट पिक्चर शो' सगळ्यात शेवटी ठेवा, कारण आधीचे घोड्यावरचे रोल बघितले असतील तरच तो तळ्याकाठी पायी उभा असलेला माणूस किती वर्षांचा आहे ते कळतं. तो आणि 'वॅगन मास्टर' दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट आहेत, मूळचेच. 'वॅगन मास्टर' युटाहमधल्या मोअॅबच्या आसपास शूट झालाय, धुळीचे लोट फार सुंदर टिपलेत, त्यामुळे मोबाइलवर बघू नका, घरातला सगळ्यात मोठा स्क्रीन घ्या.